जुनी थकबाकी आणि नवे गृहकर्ज: आधी खाते मिटवा, मग अर्ज करा

‘सिबिल खराब आहे, आता घरासाठी कर्ज मिळणारच नाही का?’ हा प्रश्न वाचक वेगवेगळ्या शब्दांत वारंवार विचारतात. कोणाचे कोविडच्या काळात वैयक्तिक कर्जाचे हप्ते चुकले. कोणी कार्ड वापरलेच नाही म्हणून त्याची वार्षिक फी भरली नाही. कोणी नातेवाइकाच्या टेम्पोसाठी जामीन राहिले आणि विसरून गेले. फ्लॅट पसंत पडतो, टोकनही दिले जाते, आणि मग बँकेतून फाइल परत येते. त्यानंतर दोन सल्ले हमखास कानावर पडतात. एक म्हणतो, ‘सात वर्षे कर्जाचे नाव काढू नका.’ दुसरा म्हणतो, ‘थोडे पैसे द्या, रेकॉर्ड साफ करून देतो.’ पहिल्या सल्ल्याने माणूस नाहक खचतो आणि दुसऱ्याने लुबाडला जातो.

कर्ज देणारी संस्था जुन्या थकबाकीबद्दल मुख्यतः तीन गोष्टी पाहते: ते खाते कसे संपले, केव्हा संपले आणि त्यानंतर तुमचा व्यवहार कसा राहिला. स्कोअर हा या सगळ्याचा गोळाबेरीज आकडा आहे. म्हणून स्कोअर ‘वाढवण्याच्या’ मागे लागण्याआधी ते जुने खाते नीट, पूर्ण आणि लेखी मिटवणे हे पहिले काम. बाकीचे उपाय त्यानंतरच लागू पडतात.

आधी अहवाल वाचा, फक्त आकडा नको

भारतात पतमाहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. पतमाहिती कंपन्यांचा २००५ चा कायदा त्यांना लागू आहे, आणि रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीने तुम्हाला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. चारही अहवाल त्या-त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः काढा. तुमची बँक नेमका कोणाचा अहवाल मागवेल हे तुमच्या हातात नसते, आणि एका ठिकाणी दुरुस्त झालेली चूक दुसरीकडे तशीच राहिलेली असू शकते. आपला अहवाल आपण पाहिल्याने स्कोअर घटत नाही, ती भीती मनातून काढून टाका.

अहवालात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांची एक चौकट दिसते. सिबिलच्या अहवालात ती मागच्या ३६ महिन्यांपर्यंतची असते. प्रत्येक महिन्यापुढे तीन अंक असतात आणि हप्ता किती दिवस मागे पडला आहे ते त्यातून कळते. ‘०००’ म्हणजे बाकी काही नाही. तीन फुल्या म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने कळवली नाही. आता दोन ओळी शेजारी ठेवून पाहा. पहिली: ०००, ०००, ०२८, ०५९, ०००, ०००. दुसरी: ०३०, ०६१, ०९१, १२२, १५२, १८३. पहिल्या माणसाचे दोन महिने कोलमडले आणि तो सावरला. दुसऱ्याचे खाते ९० दिवसांची रेषा ओलांडून अनुत्पादित झाले आणि तसेच पडून राहिले. दोघांनीही आपण ‘डिफॉल्टर’ आहोत अशी समजूत करून घेतलेली असते, पण कर्जाची फाइल तपासणारा अधिकारी या दोघांना एका मापाने मोजत नाही. तुम्ही कोणत्या ओळीत बसता हे आधी ठरवा.

त्यानंतर खात्याची स्थिती पाहा. गृहकर्जाच्या दृष्टीने ती सहसा यांपैकी एक असते:

- क्लोज्ड: सगळे पैसे भरून खाते बंद. मधले हप्ते चुकलेले दिसले तरी शेवट चांगला.
- सेटल्ड: बँकेने काही रक्कम सोडून तडजोडीत खाते बंद केले.
- रिटन-ऑफ: वसुलीची आशा धूसर झाल्याने बँकेने आपल्या हिशेबातून रक्कम काढून टाकली. तुमचे देणे मात्र त्यामुळे संपत नाही.
- सूट फाइल्ड: वसुलीसाठी दावा दाखल. हे प्रकरण मिटल्याशिवाय गृहकर्जाचा अर्ज करण्यात फारसा अर्थ नाही.

नोंदच चुकीची असेल तर

फेडलेले कर्ज अजून बाकी दिसणे, सारख्या नावाच्या दुसऱ्याचे कर्ज आपल्या पॅनवर चढणे, भरलेला शेवटचा हप्ता न कळवला जाणे, या चुका सर्रास आढळतात. अशा वेळी पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करा आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या बँकेलाही लेखी कळवा. दोन्हीकडे कळवायचे कारण साधे आहे. कंपनी आपल्या मनाने नोंद बदलत नाही, बँकेने दुजोरा दिला तरच बदल होतो. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. दुरुस्त माहिती पाठवायला बँकेला २१ दिवस असतात. ते तिने पाळले नाहीत तर भरपाई बँक देते, आणि बँकेने वेळेत कळवूनही उशीर झाला तर पतमाहिती कंपनी देते. दुरुस्ती नाकारली तर त्याचे कारण सांगणेही बंधनकारक आहे.

मात्र खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. ‘सिबिल क्लीन’ करून देणारे एजंट बहुधा खऱ्या नोंदींवरही घाऊक तक्रारी टाकतात. बँक दुजोरा देते, नोंद जागच्या जागी राहते आणि तुमची फी जाते. शिवाय तुमचे पॅन, आधार आणि ओटीपी एका अनोळखी माणसाच्या हाती पडतात, ते वेगळेच.

नोंद खरी असेल तर: पूर्ण भरायचे की तडजोड?

बहुतेकांची वाट चुकते ती इथे. वसुली विभागाचा फोन येतो: मुद्दल आणि व्याज मिळून दीड लाख आहेत, साठ हजार भरा आणि मोकळे व्हा. ज्याला पुढे कधी कर्जच घ्यायचे नाही, किंवा ज्याच्याजवळ खरोखर तेवढेच पैसे आहेत, त्याच्यासाठी हा मार्ग ठीक असू शकतो. पण दोन-तीन वर्षांत घर घ्यायचा विचार असेल तर वाचलेले नव्वद हजार पुढे महागात पडतात. खात्यावर ‘सेटल्ड’ अशी नोंद होते, आणि नव्या बँकेला त्यातून एवढेच कळते की आधीच्या बँकेचे पैसे बुडाले. पतमाहिती कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षे जपून ठेवावी असा नियम आहे, त्यामुळे ही नोंद लवकर नजरेआड होईल या भरवशावर राहू नका. याशिवाय ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार, तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जासाठी हा काळ ठरवण्याची मुभा बँकेला आहे.

यावर हक्काने विचारले जाते की बँकेनेच देऊ केलेली तडजोड आम्ही स्वीकारली, बँकेनेच पत्र दिले, मग तो आमच्यावर डाग कसा? नैतिकदृष्ट्या हा आक्षेप मला रास्त वाटतो. अडचणीतल्या माणसाला फोनवर फक्त सूट सांगितली जाते आणि तिचा परिणाम सांगितला जात नाही, ही पद्धत चुकीची आहे. पण तडजोडीच्या पत्राने त्या बँकेचा तुमच्यावरचा दावा तेवढा संपतो. तिने सोडलेल्या रकमेची नोंद करू नये असे त्यात लिहिलेले नसते. म्हणून सहीपूर्वीच विचारा: ‘खाते पतमाहितीत कोणत्या नावाने कळवणार?’ आणि उत्तर ईमेलवर घ्या.

दुसरा आक्षेप असा की नोंद राहणारच असेल तर आता पूर्ण भरून तरी काय उपयोग? उपयोग मोठा आहे. जुने चुकलेले हप्ते दिसत राहिले तरी ‘बाकी रक्कम’ शून्य होते आणि खात्याची स्थिती बदलते. बाकी दिसत असलेली फाइल पुष्कळ ठिकाणी पहिल्याच चाळणीत अडकते. बंद खाते असलेली फाइल निदान माणसाच्या टेबलापर्यंत पोचते. थकीत रक्कम लहान असेल, म्हणजे कार्डाची फी किंवा एखाद्या फोनच्या हप्त्याची बाकी, तर तत्त्वाचा वाद घालत बसू नका. फी चुकीची लावली असेल तर तक्रार जरूर करा. ती योग्य असेल तर भरून टाका आणि कार्ड रीतसर बंद करा. बाकी नसेल तर विनंतीनंतर सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करणे कंपनीवर बंधनकारक आहे.

पैसे भरताना घ्यायची काळजी:

- खाते अजून त्याच बँकेकडे आहे का ते विचारा. जुनी कर्जे मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकली जातात. तसे असेल तर पैसे आणि दाखला दोन्ही त्या कंपनीकडचे लागतात.
- मुद्दल आणि व्याज पूर्ण भरून फक्त दंडाची रक्कम माफ करायची विनंती करा, आणि खाते ‘क्लोज्ड’ असेच कळवले जाईल हे लेखी घ्या.
- आधीच तडजोड झालेली असेल तर सोडलेली रक्कम आता भरून स्थिती बदलून मिळेल का, हे बँकेला पत्राने विचारा. लेखी होकाराशिवाय पैसे भरू नका.
- रक्कम थेट कर्जखात्यात भरा. वसुली प्रतिनिधीच्या वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही नको.
- ‘काहीही येणे बाकी नाही’ असे स्पष्ट लिहिलेला, खाते क्रमांक आणि तारीख असलेला बेबाकी दाखला घ्या. ‘तडजोडीची रक्कम मिळाली’ एवढेच लिहिलेले पत्र त्याच्या जागी चालत नाही.
- पीककर्ज कर्जमाफीत निघाले असले तरी सोसायटीचा किंवा बँकेचा दाखला घेऊन अहवालात बाकी शून्य झाली आहे का ते तपासा.

बँका आता किमान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवतात. तरीही पैसे भरल्यावर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा अहवाल काढून खात्री करून घ्या.

जामीन राहिलात, तेही तुमचेच कर्ज

आपल्याकडे सहकारी बँकेतून कर्ज काढायचे म्हणजे दोन जामीनदार ही जुनी रीत. जामीन राहणाऱ्याला वाटते की आपण फक्त ओळख दिली. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. ते खाते तुमच्या अहवालातही दिसते आणि थकले तर तुमच्याही गृहकर्जाच्या आड येते. अशा वेळी मूळ कर्जदाराच्या मागे लागून हप्ते नियमित करून घेणे, नाहीतर स्वतः भरून नंतर त्याच्याकडून वसूल करणे, एवढेच दोन मार्ग उरतात. दुसरा मार्ग कायद्याने खुला आहे, पण नात्यात अवघड जातो. निदान घर घेण्याचे मनात असताना नव्याने जामीन राहू नका.

‘मग कर्ज पत्नीच्या नावावर घेतो’ हा उपाय अनेकांना सुचतो. पत्नीचे स्वतःचे पुरेसे उत्पन्न असेल तर तो चांगला आहे, आणि महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. पण घराच्या करारनाम्यात तुमचे नाव सहमालक म्हणून असेल तर बँका सहसा सर्व मालकांना सहअर्जदार करतात, आणि मग तुमचाही अहवाल उघडला जातो. म्हणजे तुमची नोंद बाजूला ठेवायची तर मालकीतूनही बाजूला राहावे लागते. हा निर्णय घरात नीट बोलून घ्यावा. एजंट सुचवतो म्हणून घेऊ नये.

थांबायचे की जादा दराने घ्यायचे?

जुने खाते मिटल्यानंतर साधारण एक ते दोन वर्षे एकही हप्ता न चुकवलेला व्यवहार दाखवता आला तर पारडे बरेच बदलते. चालू कर्ज काहीच नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड घ्या, त्यावर मर्यादेच्या मानाने थोडाच खर्च करा आणि दरमहा पूर्ण बिल भरा. या काळात पाच-सहा ठिकाणी अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात उमटते, आणि थोड्या दिवसांत अनेक चौकश्या दिसल्या की माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे असा अर्थ काढला जातो. अहवाल कोणी पाहिला की तुम्हाला संदेश यायला हवा असा आता नियम आहे. परवानगी न देता एखाद्या एजंटने फाइल चार ठिकाणी फिरवली तर ते त्यातून कळेल.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप म्हणजे, थांबलो तर घराच्या किमती वाढतील त्याचे काय? याचे उत्तर हिशेबातच शोधावे लागते. ५० लाखांच्या फ्लॅटसाठी ४० लाखांचे कर्ज २० वर्षांसाठी घेतले असे धरू. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो आणि साडेदहा टक्क्यांनी सुमारे ३९,९००. शेवटपर्यंत तोच दर राहिला तर फरक साडेबारा लाखांच्या घरात जातो. पण दोन वर्षांनी कर्ज कमी दराच्या बँकेकडे वळवता आले तर त्या दोन वर्षांतले जादा व्याज सुमारे १ लाख ६० हजारच होते. त्याच काळात घराची किंमत पाच टक्के वाढली तरी अडीच लाख जास्त मोजावे लागतील. म्हणजे थांबणे दर वेळी फायद्याचे असतेच असे नाही. खाते मिटलेले आहे, नोकरी स्थिर आहे आणि हातात रोकड आहे, अशा माणसाने जादा दराने घर घेऊन नंतर कर्ज वळवण्यात गैर काही नाही. ज्याचे खाते अजून उघडेच आहे त्याने हे करू नये, कारण वळवायची वेळ येईल तेव्हा नवी बँक तीच बाकी पाहून नकार देईल आणि महागडा दर गळ्यात पडेल.

व्यक्तींच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही, म्हणून हा वळवण्याचा मार्ग खुला असतो. नव्या बँकेची प्रक्रिया फी आणि तारणाच्या नोंदीचा खर्च मात्र हिशेबात धरा.

कुठे जावे, तर आधी पगार जमा होतो त्या बँकेकडे, कारण तुमची आवक तिला दिसते. मग सहकारी बँक. त्यानंतर गृहवित्त कंपनी: त्या अधिक सैल हाताने कर्ज देतात, पण दर जास्त असतो. एक फरक तिथे लक्षात ठेवा. बँकांची बदलत्या दराची नवी गृहकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या निर्देशांकाशी जोडलेली आहेत, तर गृहवित्त कंपन्या आपला दर स्वतः ठरवतात. रेपो उतरला तरी तुमचा हप्ता उतरेलच असे नाही.

तुमची स्वतःची रक्कम जितकी जास्त, तितकी बँकेची जोखीम कमी. नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. जुनी नोंद असणाऱ्याने त्या मर्यादेपर्यंत कर्ज मागूच नये. घराची किंमत १० लाखांपेक्षा जास्त असेल तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्ज ठरवताना किमतीत धरला जात नाही, तोही खिशातूनच करायचा असतो.

अर्ज देताना

थकबाकी लपवू नका. ती दिसणारच असते, आणि लपवल्याने तिच्यापेक्षा मोठा संशय निर्माण होतो. अर्जासोबत एक पानाचे पत्र जोडा: काय झाले, कोणत्या महिन्यांत झाले, आता ते कारण कसे उरलेले नाही. सोबत पुरावे द्या, म्हणजे रुग्णालयाची बिले, नोकरी सुटल्याचे आणि नवी लागल्याचे पत्र, बेबाकी दाखला, दुरुस्त अहवाल. पत्रात गाऱ्हाणे नको, तारखा हव्यात.

आणि कर्जाचा अंदाज येण्याआधी बिल्डरला मोठी रक्कम देऊ नका. रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याशिवाय तो किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. टोकन देतानाच ‘कर्ज नामंजूर झाल्यास रक्कम परत’ असे वाटपपत्रात लिहून घ्या, कारण तोंडी आश्वासन त्या दिवशी कामाला येत नाही.

नकार आला तर

गृहकर्जासाठी किमान स्कोअर रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेला नाही. यावरून ‘बँक सिबिलमुळे नाकारूच शकत नाही’ असे संदेश फिरतात, ते चुकीचे आहेत. इतिहासच नसलेल्या पहिल्यांदाच्या कर्जदाराला केवळ त्या कारणाने नाकारू नये, ही सूचना वेगळी. शैक्षणिक कर्जाच्या एका प्रकरणात केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये केवळ कमी स्कोअर पाहून कर्ज नाकारू नये असे म्हटले, तोही विषय वेगळा. गृहकर्ज द्यायचे की नाही हे बँकेचे धोरण ठरवते. तुमचे हक्क त्यापुढचे आहेत:

- नाकारण्याची मुख्य कारणे लेखी मागा. ती देणे बँकेवर बंधनकारक आहे.
- २००५ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार बँकेने तुमच्याबद्दल जो अहवाल पाहिला त्याची प्रत मागा. कदाचित अडचण एकाच कंपनीच्या नोंदीत असेल.
- मंजुरी मिळालीच तर सहीपूर्वी ‘मुख्य तथ्य विवरण’ घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते सर्व किरकोळ कर्जांना लागू आहे. सर्व शुल्कांसह वार्षिक दर त्यात असतो, आणि विचार करायला किमान तीन कामकाजी दिवस मिळतात.
- तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार पोर्टलवरून लोकपालाकडे जा. पतमाहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. वकील लागत नाही, फी नाही.
- तक्रार गृहवित्त कंपनीविरुद्ध असेल तर ती राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर करा.

नकाराचे कारण हाती आल्यावर लगेच दुसऱ्या बँकेत धावू नका. त्या कारणाची कागदोपत्री दुरुस्ती झाल्यावरच पुढचा अर्ज करा, आणि त्याला आधीच्या नकाराचे पत्र व दुरुस्तीचा पुरावा दोन्ही जोडा.